रोबोची चाकं: सहा हंगाम आणि एक खोकं

आमच्या वर्कबेंचखाली एक खोकं आहे. त्यावर मार्करनं 'चाकं. टाकू नका' असं लिहिलंय, आणि लिहिणारी मीच. सहा हंगामांत वापरून काढलेली चाकं त्यात पडून आहेत. काही चपलेच्या टाचेसारखी एका कडेनं झिजलेली, काहींचे रोलर निसटलेले, दोन हबपाशी, म्हणजे शाफ्ट बसतो त्या मधल्या भागापाशी, तडकलेली. दर हंगामात नव्या पोरांपैकी कुणीतरी विचारतंच, "ताई, सगळ्यात जास्त पकड कुठल्या चाकाची?" मी उत्तर देत नाही, खोकं बाहेर ओढते. हा अभिप्राय त्या खोक्यातल्या मालाबद्दल आहे.

आधी हे सांगते की मी ज्या रोबोबद्दल बोलतेय तो फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी संघांच्या रोबो-स्पर्धेच्या धर्तीचा आहे: बॅटरी आणि बंपर धरून पासष्टेक किलोचा, कार्पेटवर पळणारा, समोरच्याला धडका देणारा. फोमच्या टाइलवर पळणारे छोटे रोबोही मी दोन वर्षं बघितलेत. त्यांचं गणित जिथं वेगळं पडतं तिथं तसं म्हणेन.

पहिल्या वर्षी आम्हीही पकडीच्याच मागे होतो. सहा इंची सहा चाकं, सगळ्यांवर रफटॉपचा पट्टा, सगळी एका पातळीत. रफटॉप म्हणजे मुळात कन्व्हेअर बेल्टच, वरून खरखरीत. सरळ जाताना रोबो रेड्यासारखा ढकलायचा. वळायला लागला की मात्र धडधडत उड्या मारायचा. दोन दिवस आम्ही ड्रायव्हरला बोल लावले, 'नाचता येईना अंगण वाकडं' इथपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी तिनं काही न बोलता कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी फिरवला. रोबो जागच्या जागी थडथडला आणि सगळे दिवे गेले. अंगणच वाकडं होतं.

कारण साधं आहे, फक्त ते आधी सुचत नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या वेगातल्या फरकावर वळणारा रोबो वळताना कोपऱ्यातल्या चाकांना आडवं घासटत नेतो. चाक पुढे-मागे जितकं घट्ट धरतं तितकंच आडवंही धरत असेल, तर रोबो स्वतःशीच कुस्ती खेळतो. लांबी जास्त आणि रुंदी कमी असेल तर ही कुस्ती तो हरतो.

दिवे का गेले याचा हिशोब मी त्या रात्री केला आणि तेव्हापासून नव्या पोरांकडूनही करून घेते. ६५ किलो म्हणजे जमिनीवर सुमारे ६४० न्यूटन भार. घर्षणांक १.१ धरला तर चाकं घसरायच्या आधी रोबो ७०० न्यूटनपर्यंत ढकलू शकतो. सहा इंची चाकाची त्रिज्या ७६ मिलिमीटर, म्हणजे चाकांवर मिळून ५३ न्यूटन-मीटर टॉर्क. आमचा गिअर १०.७१ ला १ होता आणि सिम मोटारी (या स्पर्धेतल्या नेहमीच्या वापरातल्या) चार. प्रत्येक मोटारीच्या वाट्याला सव्वा न्यूटन-मीटर. सिम मोटार जाम झाल्यावर जेमतेम २.४ न्यूटन-मीटर देते आणि त्यासाठी १३१ अँपिअर खाते. म्हणजे आमची प्रत्येक मोटार, चाक घसरायच्या क्षणी, ७० अँपिअरच्या घरात. तिच्या मागे ब्रेकर ४० चा. चारींचे मिळून २८०, आणि मुख्य ब्रेकर १२० चा. ब्रेकर उष्णतेवर चालतात, त्यामुळे दोन-चार सेकंद सहन करतात. पण बॅटरी बिचारी काय करणार? अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरला तरी साडेपाच व्होल्ट तिच्या पोटातच खर्च होतात. बारातून तेवढे गेले की रोबोवरचा कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटारी बंद करतो. गिअरमधला तोटा यात मी धरलेलाच नाही.

आता तेच चार इंची चाकांनी करून बघा. घसरण्याचा टॉर्क दोन-तृतीयांश होतो, मोटारीमागे ४५ अँपिअरच्या आसपास. चाक घसरतं, ब्रेकर शाबूत. वेग मात्र पडतो. सहा इंचीला बिनभाराचा वेग सेकंदाला चार मीटरला टेकत होता, चार इंचीला २.६ वर येतो. वेग हवा तर गिअर बदला, आणि गिअर बदलला की तेच ७० अँपिअर परत दारात. फुकट काही मिळत नाही. मला यातून कळलं ते एवढंच: चाक किती धरतं हे विचारायच्या आधी ते कुठे आणि कधी सोडतं हे विचारावं. खोक्यातलं प्रत्येक चाक मी आता तसंच बघते.

रफटॉप त्या दृष्टीनं हट्टी माल आहे. नवा असताना कार्पेटला असा चिकटतो की सोडायचं नाव घेत नाही. मग एखाद्या स्पर्धेतल्या दहा-बारा सामन्यांनंतर खरखरीत टोकं गोल होतात आणि रोबोचा स्वभावच बदलतो. शुक्रवारी सराव केलेला ड्रायव्हर रविवारी वेगळ्याच गाडीवर बसलेला असतो. पट्टा बदलणं हेही एक काम. स्क्रू किंवा रिव्हेटनं बसवतात. जोड नीट टोकाला टोक भिडवून कापला नाही तर दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येतो. एका वर्षी आमचा जोड चालू सामन्यात सुटला. अर्धा पट्टा शेपटीसारखा मागे फटके मारत होता आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, मुद्दाम केलंय.

निळा नायट्राइल रबराचा पट्टा मला जास्त पटतो. पकड साधारण त्याच वर्गातली, पण झिजताना शहाण्यासारखा झिजतो, आणि झिजल्यावरही पकड फारशी पडत नाही. धूळ बसली की मात्र तोही काचेसारखा होतो. दोन सामन्यांच्या मधे ओल्या फडक्यानं पुसायचा, एवढीच त्याची सेवा. हे काम आमच्याकडे पिटमधल्या, म्हणजे स्पर्धेतल्या दुरुस्तीच्या जागेतल्या, सर्वांत लहान सदस्याकडे असतं आणि ते पोर ते फार गांभीर्यानं करतं.

जाता जाता, कार्पेटलाही कल असतो. लव एका दिशेला झोपलेली असते आणि त्या दिशेनं पकड वेगळी लागते. मैदानाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाताना ऑटोनॉमस (ड्रायव्हरविना, प्रोग्रामवर चालणारा भाग) बरोब्बर आणि उलट बाजूनं चुकतोय, असं झालं की आमच्याकडे पहिला संशय प्रोग्रामरवर जातो. कधीकधी गुन्हेगार पायाखाली असतो. आणि पकडीसाठी कुणी खिळे, सँडपेपर किंवा वेल्क्रो लावायच्या विचारात असेल तर तो इथंच सोडा. कार्पेट फाडणारं काहीही नियमात बसत नाही.

उड्यांवरचा आमचा पहिला उपाय चाक बदलण्याचा नव्हता. मधली चाकं तीन मिलिमीटर खाली घेतली. त्यानं रोबो एका वेळी चारच चाकांवर उभा राहतो, पुढे-मागे किंचित डुलतो, आणि वळताना त्याची लांबी निम्मी असल्यासारखा वागतो. आधी दीड मिलिमीटर करून पाहिलं होतं. पट्टा मऊ, कार्पेट मऊ, रोबो जड. ते दीड मिलिमीटर दोघांनी मिळून गिळून टाकले. तीनला डुलणं जाणवतं. उंच रोबोत तर वरचा हात चांगलाच हलतो. ते नको असेल तर कोपऱ्यात ऑम्नी.

ऑम्नी चाकाचं मला अजून कौतुक वाटतं. परिघावर आडवे छोटे रोलर, बाकी चाक साधंच. पुढे-मागे साध्या चाकासारखं धरतं, आडवं मात्र हात वर करून सोडून देतं. कल्पना जुनी आहे, १९१९ सालचं अमेरिकन पेटंट आहे तिच्यावर. सहा चाकांपैकी चार कोपऱ्यांवर ऑम्नी आणि मधे दोन साधी, ही मांडणी आम्ही दोन हंगाम वापरली. लोण्यासारखं वळण. सगळी चाकं एका पातळीत, डुलणं नाही. ड्रायव्हरनं पहिल्याच फेरीत विचारलं, "ताई, हे आधी का नाही केलं?" मी खोक्याकडे बघितलं.

पण ऑम्नी सोडतं म्हणजे शत्रूलाही सोडतं. मैदानात कुणी बाजूनं येऊन बंपर टेकवला की कोपरे पडद्यासारखे सरकतात आणि रोबो मधल्या दोन चाकांभोवती गरगर फिरतो. गोल करायच्या ऐन वेळी नाक भलतीकडे. दुसऱ्या वर्षी आम्ही फक्त मागचे दोन कोपरे ऑम्नी ठेवले, पुढे आणि मधे साधी. वळण्याचा केंद्रबिंदू पुढे सरकतो, शेपूट फिरते आणि नाक स्थिर राहतं. पुढच्या बाजूनं काही उचलायचं-ठेवायचं असेल तर हे सगळ्यात सुखाचं. याची सवय व्हायला ड्रायव्हरला आठवडाभर लागतो, तेवढा द्या.

ऑम्नी घेताना रोलर बघा, चाक नाही. एका ओळीचे रोलर असतील तर दोन रोलरांमधल्या फटीवर चाक दर वेळी खचतं आणि कडक पृष्ठभागावर चक्क खडखडतं. दोन ओळी असाव्यात आणि एकमेकींपासून अर्ध्यानं सरकवलेल्या. रोलर नखानं ढकलला की सुटा फिरला पाहिजे. आमच्या एका संचात, कुठला ते सोडा, रोलरांच्या पिनाच घट्ट होत्या. आडवं फिरण्याऐवजी चाक घासायचं, म्हणजे पैसे ऑम्नीचे आणि गुण साध्या चाकाचे. प्रत्येक रोलर काढून भोक रीमरनं साफ करण्यात एक अख्खा रविवार गेला.

आता मेकॅनम. यावर माझं मत बरंच बदललंय, म्हणून जरा थांबते.

स्वीडनचे अभियंते बेंग्ट इलॉन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे चाक काढलं. मेकॅनम हे ते ज्या कंपनीत होते तिचंच नाव. रोलर ४५ अंशात तिरके. चार चाकं, चार स्वतंत्र मोटारी, आणि कुठलं चाक कुठल्या दिशेला फिरवायचं याचा मेळ घातला की रोबो खेकड्यासारखा आडवा चालतो. पोरांना ते पहिल्यांदा बघताना जो आनंद होतो तो खरा आहे, त्याची चेष्टा करू नये. वरून बघताना चारी चाकांच्या रोलरांच्या रेषांनी फुली झाली पाहिजे, हे भिंतीवर लिहून ठेवा. आम्ही एकदा डावं-उजवं चाक अदलाबदल करून बसवलं आणि अर्धा दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो.

पण दुरून डोंगर साजरे. तिरका रोलर फक्त स्वतःच्या अक्षाच्या दिशेनं धरतो, त्याला काटकोनात सोडून देतो. म्हणून सरळ ढकलतानासुद्धा पकडीतला कोसाइन ४५ एवढाच भाग, म्हणजे ७० टक्के, कामी येतो. त्यात रोलर बहुधा कडक रबराचे, त्यामुळे मुळातली पकडही कमी. ढकलाढकलीत मेकॅनमचा रोबो साध्या चाकांच्या रोबोपुढे उभा राहत नाही. आडवं चालतानाही रोलरांच्या घर्षणात बरंच वाया जातं, कागदावरचा वेग मैदानात दिसत नाही. आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही: चारही चाकं सारख्या भारानं टेकली पाहिजेत. आमची चौकट फार कडक होती आणि बॅटरी एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्याच्या समोरचं चाक जवळजवळ अधांतरी. आडवा चल म्हटलं की रोबो तिरका, वर थोडा गोल फिरत जायचा. बॅटरी मधे आणली, चौकटीतली एक आडवी पट्टी काढून तिला थोडी लवचीक केली, तेव्हा कुठे तो माणसात आला.

मग मत बदललं कशामुळे? फोमच्या टाइलवरच्या छोट्या रोबोंमुळे. तिथं सुरुवातीची चौकट १८ इंचांची, वजन कमी, एकमेकांना रेटण्यापेक्षा जागेवर नेमकं पोचणं जास्त महत्त्वाचं. मऊ टाइल चारही चाकांचा भार थोडाफार सांभाळून घेते. तिथं मेकॅनम शोभतं, आणि नव्या संघाला मी तेच सुचवते. कार्पेटवरच्या जड रोबोसाठी मात्र नाही. रोलरच्या पिनांभोवती कार्पेटचे धागे आणि केस गुंडाळले जातात ते वेगळंच. सामन्यानंतर चिमटा घेऊन बसायची तयारी ठेवा.

कोल्सन. घन रबराचं, ट्रॉलीला असतं तसं चाक. दिसायला इतकं साधं की पोरं त्याच्याकडे बघतही नाहीत. पट्टा नाही, स्क्रू नाहीत, सुटायला काही नाही. पकड रफटॉपपेक्षा कमी, पण पहिल्या सामन्यात जितकी तितकीच शेवटच्या. घसरतं तेव्हा हळूच आणि आधी कळवून घसरतं, ड्रायव्हरला ते हातात जाणवतं. सराव करायच्या रोबोवर आमची कोल्सन तीन वर्षं आहेत. खोक्यात आलीच नाहीत अजून.

हवेच्या चाकांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या खेळात मैदानात खंदक, फळ्या, उंचवटे असे अडथळे होते, तेव्हा ती बऱ्याच रोबोंवर दिसली आणि तिथं त्यांची जागा होती. सपाट मैदानात ती नकोत. रोबो स्पंजावर ठेवल्यासारखा हलतो. चारींमधली हवा कधी सारखी नसते, म्हणून व्यासही सारखा नसतो, म्हणून सरळ जा म्हटलं तरी तो सरळ जात नाही. वळताना जड रोबोखाली टायर रिमवरून सरकतो की काय अशी भीती मला कायम वाटत राहिली.

गेले दोन हंगाम आमच्याकडे स्वर्व्ह आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती फिरून हव्या त्या दिशेला तोंड करतं. इथं चाक फक्त लोळतं, आडवं घासटत नेण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे पकडीचा पट्टा बिनधास्त लावता येतो. माझी पहिल्या वर्षीची सगळी तक्रार इथं लागू पडत नाही, हे कबूल. पण दोन गोष्टी. एक, चाक जागच्या जागी पीळ देत फिरतं आणि पट्टा त्यानं झिजतो, बोळ्यानं पुसल्यासारखा. दोन, रोबो मैदानात कुठं आहे हे चाकाच्या फेऱ्या मोजून ठरवलं जातं. चार इंची चाकाचा व्यास १०१.६ मिलिमीटर. पट्टा झिजून तो ९८.६ झाला तर तीन टक्के चूक, म्हणजे पाच मीटर गेल्यावर रोबो स्वतःला वाटतंय त्याच्या पंधरा सेंटिमीटर अलीकडे उभा. गोल हुकायला तेवढे पुरतात. म्हणून कॅलिपर पिटमध्येच ठेवतो आणि दर दोन-तीन सामन्यांनी व्यास मोजून कोडमध्ये टाकतो. थ्रीडी प्रिंट केलेले टीपीयू या लवचीक प्लास्टिकचे पट्टे आम्ही वापरून पाहिले. झिजणं कमी, बदलणं सोपं, पकड मात्र छापणाऱ्याच्या हातावर.

पकडीच्या वादात एक किस्सा मला नेहमी आठवतो, माझ्या वेळचा नव्हे. फर्स्टच्या २००९ च्या 'लुनसी' नावाच्या खेळात मैदान गुळगुळीत प्लास्टिकचं होतं आणि सगळ्या संघांना एकसारखी कडक, निसरडी चाकं सक्तीची होती. पकड विकत घेण्याचा रस्ताच बंद. त्या वर्षीचे सामने बघितले की कळतं, घसरणाऱ्या रोबोला आवरणं ही एक स्वतंत्र कला आहे. आमच्या नव्या ड्रायव्हरला मी आठवडाभर सरावाच्या रोबोवर चिकटपट्टी गुंडाळलेली चाकं लावून देते. शिव्या घालते ती, मनातल्या मनात.

हबबद्दल दोन वाक्यं, कारण चाक तडकतं ते बहुतेक वेळा तिथंच. अर्धा इंची षटकोनी शाफ्ट असेल तर तसंच भोक असलेलं चाक घ्या. गोल शाफ्ट आणि कीवर (चाक शाफ्टवर अडकवणारी धातूची छोटी पट्टी) विसंबलात तर कीचा एखादा तुकडा खिशात असू द्या, ती नको तेव्हाच कापली जाते. प्लास्टिकचं षटकोनी भोक धडकांनी हळूहळू गोल होत जातं. चाक हातात धरून शाफ्टवर मागे-पुढे हलवा. थोडंही खेळतंय असं वाटलं तर ते चाक खोक्यात.

या हंगामात स्वर्व्हवर निळं नायट्राइल आहे, सरावाच्या रोबोवर तीच कोल्सन. बदली संच काल रात्री तयार केला, चार चाकं, रिव्हेट मारलेली, जोड घट्ट भिडवलेले. प्रत्येकावर मार्करनं व्यास लिहिलाय: १०१.२, १०१.३, १०१.२, १००.७. शेवटचं मला आवडलेलं नाही. उद्या त्याचा पट्टा काढून पुन्हा बसवायचाय.